दानिलोचा पुढचा पाय

मिलर्स गॅप, व्हर्जिनिया
२१ जून १९८७

दादा, आशीर्वाद दे.

तुझ्या मैदानावरचा दानिलो पोचला. विमानातून उतरला तो एका हातात दोरीनं बांधलेला पुठ्ठ्याचा खोका आणि दुसऱ्या हातात बेसबॉलची बॅट. मला बघून पहिलं वाक्य काय म्हणाला सांगू? "डॉन फेर्मिन म्हणालेत, तुमचा शब्द म्हणजे बापाचा शब्द." म्हटलं, बाबा रे, डॉन म्हणून दादाला हवा तेवढा मान दे, पण आधी पोटात काहीतरी घाल! घरी नेऊन हिरवी केळी उकडली, कुस्करली, वर कांदा परतून घातला. तीन ताटं उठवली पठ्ठ्यानं. हिरव्या केळ्यांसाठी मला इथे दोन तास गाडी हाकावी लागते, हे त्याला कोण सांगणार.

पोरगा गुणी आहे. तपासणीच्या वेळी डोळ्यांचा तक्ता असा धडाधड म्हणून दाखवला की नर्सबाई हसायलाच लागली. इंग्रजीत पाणी मागता येत नाही, पण अक्षरं मात्र तोंडपाठ! मैदानाबरोबर शाळाही काढलीस की काय?

आता एक खरं बोलतो, रागावू नकोस. तो उभा कसा राहतो रे? चेंडू टाकणारा पिचर समोर असताना पुढचा पाय पार बाहेर, छाती उघडी, मान वळलेली. दारात कोण आलंय ते बघायला निघालेल्या म्हातारीसारखा! बाबांनी आपल्याला काय शिकवलं होतं? डावा खांदा पिचरकडे, दोन्ही पाय एका रेषेत. मी लहान असताना माझा पाय इंचभर हलला तर तूच मागून टपली मारायचास. मग हे खूळ कुठून काढलंस?

मारतो मात्र, हे कबूल करायला हवं. पहिल्या चार सामन्यांत जेवढ्या वेळा उभा राहिला त्याच्या जवळजवळ निम्म्या वेळा फटका. पण जुलैत टटल साहेब येणार. क्लबच्या सगळ्या छोट्या संघांतल्या पोरांच्या फलंदाजीवर त्यांची देखरेख असते, इथला कोच म्हणून माझ्यावरही. त्यांना असलं वेडंवाकडं खपत नाही. आणि ऑगस्टच्या शेवटी यादी ठरते, पुढच्या वर्षी कोण राहणार आणि कोण घरी जाणार. दानिलोचं नाव राहिलंच पाहिजे. मी अजून हात लावलेला नाही. काय करू, लिही.

त्याच्या आईला, एर्सिलियाला सांग, लेक पोटभर जेवला.

तुझा,
रामिरो


बातेय पालोमा
४ जुलै १९८७

रामिरो, देव तुझं भलं करो.

तुझं पत्र आलं तेव्हा दुकानाच्या ओट्यावर डॉमिनोचा डाव रंगात आला होता. डाव मोडला आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. एर्सिलियाही येऊन उभी होती. तीन ताटं ऐकून हसली, मग डोळे पुसले. म्हातारीचं वाक्य मी गाळलं. जिभेला हाड नाही तुझ्या, लहानपणापासून.

पायाचं म्हणशील तर राहू दे. त्याला तसंच बरं पडतं. खेचर तिरकं चालत असलं तरी ओझं पोचवतंय ना, मग त्याला चाल शिकवायला जाऊ नये. तू स्वतःच लिहितोस की मारतो म्हणून. मग दुखतं कुठे?

बाकी तो तुला उलट बोलणार नाही. मी बजावून पाठवलंय, कोच सांगेल त्यावर चकार शब्द काढायचा नाही. आपली पोरं तोंडाळ म्हणून तिकडून परत पाठवतात, माहीत आहे मला. माझ्या मैदानावरून तिकडे गेलेला हा पहिला पोरगा. सोळा वर्षं धूळ खाल्ल्यावर पहिला. तो टिकला तर मी जगलो असं समज.

टटल साहेबांना सांग, आमच्याकडे असंच उभं राहतात.

फेर्मिन


मिलर्स गॅप
१९ जुलै १९८७

दादा, आशीर्वाद दे.

टटल साहेब येऊन गेले. जाळीमागे खुर्ची टाकून बसले होते. दानिलो उभा राहिला तसे सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "रामिरो, तुमच्याकडे पोरांना सरळ उभं राहायलाही शिकवत नाहीत का?" सगळे हसले. मीही हसलो. काय करणार? माझं काम वर्षावर्षाच्या करारावर चालतं. इथे स्पॅनिश बोलणारा कोच मी एकटा. मी टिकलो तरच आपल्या पोरांना इथे कुणी वाली आहे.

म्हणून मी मनावर घेतलं. रोज सकाळी सात वाजता दानिलो आणि मी. त्याच्या पुढच्या टाचेमागे एक बॅट आडवी ठेवतो. पाय उघडला की टाच बॅटला लागते, लागली की पुन्हा पहिल्यापासून. रोज तीनशे चेंडू टाकतो. खांदा भरून येतो माझा, पण दहा दिवसांत पोराचा पवित्रा असा बसलाय की बाबा असते तर पाठ थोपटली असती. टटल साहेब काल पुन्हा येऊन फोटो काढून घेऊन गेले, दुसऱ्या संघांना दाखवायला. खाली माझं नाव लिहिणार म्हणाले.

फटके सध्या कमी झालेत. सत्तावीस वेळा उभा राहिला, दोनदाच लागला. जुनी खोड सुटताना असं होतंच. एवढं खरं की आतल्या बाजूचा चेंडू त्याला फार उशिरा कळतो. पण तक्रार म्हणून नाही रे पोराची! एकदाच हळूच म्हणाला, "कोच, जरासा पाय उघडला तर चालेल?" मी म्हटलं, नाही. "बरं कोच," म्हणाला, आणि उभा राहिला. असा शिष्य मिळायला नशीब लागतं.

तू "आमच्याकडे असंच उभं राहतात" म्हणून सांगायला लिहिलंस. दादा, ते मी नाही सांगितलं.

रामिरो


बातेय पालोमा
३० जुलै १९८७

रामिरो,

हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी त्याचा पाय उघड. टाचेमागची बॅट काढ आणि जाळून टाक. टटल गेला खड्ड्यात.

कारण विचारू नकोस. मोठा भाऊ म्हणून सांगतोय. बाबा गेल्यावर तुला कुणी वाढवलं ते आठव, आणि या एका बाबतीत माझं ऐक.

काल फोन करायला साखर कारखान्याच्या कचेरीत गेलो होतो. कारकून तिथेच कान टवकारून बसलेला. रिसीव्हर उचलला आणि परत ठेवला. तिथे बोललेलं संध्याकाळच्या आत ऊसतोड्यांच्या घराघरांत, सगळ्या बातेयभर होतं, तुला ठाऊक आहे. आणि जे सांगायचंय ते कागदावरही उतरत नाही. म्हणून फक्त एवढंच. पाय उघड.

फेर्मिन


मिलर्स गॅप
९ ऑगस्ट १९८७

दादा,

तुझं पत्र काल मिळालं. चार वेळा वाचलं. कारण सांगणार नाहीस, पण हुकूम सोडणार!

मग कारण मीच सांगतो. मी तेवीस वर्षांचा असताना क्लबच्या माणसानं मला निवडलं, तुला नाही. तेव्हापासून तुझ्या मनात ते कुसळ आहे. आता तुझ्या मैदानावरचा पोरगा माझ्या हाताखाली आला, माझ्या शिकवण्यानं सरळ झाला, आणि फोटोखाली माझं नाव लागणार. तुला ते बघवत नाही. मी चाळिशी ओलांडली, दादा. अजून किती वर्षं मागून टपल्या मारणार आहेस?

हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं. आता दुसरी बातमी, एर्सिलियाला जपून सांग. गुरुवारच्या सामन्यात दानिलोला चेंडू लागला. डाव्या गालावर, डोळ्याखाली. आतल्या बाजूला आला, सगळे ओरडले, पण तो हललाच नाही. खांबासारखा उभा. हाडाला चीर गेलीय, ऑपरेशनची गरज नाही. डाव्या डोळ्यानं धूसर दिसतंय म्हणतो, डॉक्टर म्हणाले सुजेमुळे असेल.

इस्पितळात मी धावत गेलो. तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं. मला बघून उठायला लागला. पहिलं काय बोलला असेल? "कोच, मी पाय नाही हलवला हं."

ऊर भरून आला माझा. त्याचा हात धरून म्हटलं, शाब्बास. सगळ्या संघाला ही गोष्ट सांगितली मी, शिस्त म्हणजे काय ते कळावं म्हणून.

दहा-बारा दिवसांत पुन्हा खेळेल. एवढंच वाटतं की आता चेंडूला बिचकायला लागू नये. एकदा मार खाल्ला की पुष्कळांचा धीर खचतो, आणि बिचकणाऱ्याला इथे कुणी ठेवत नाही.

रामिरो


बातेय पालोमा
२० ऑगस्ट १९८७

रामिरो,

तू या वेळी आशीर्वाद मागितला नाहीस. बरं केलंस. देण्याच्या लायकीचा मी नाही.

दानिलोला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. सुजेमुळे नाही. नऊ वर्षांचा होता तेव्हापासून नाही. उजेड आणि अंधार कळतो, बाकी काही नाही. आणि तो डोळा मी घालवला.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. आता पुढचं लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा कच खाईन.

रविवार होता. दुकानामागे पोरं झाडूच्या दांड्यानं बाटलीची पत्र्याची बुचं मारत होती. आपणही मारायचो. मी दोन पेले रम घेऊन आलो आणि म्हटलं, बघू कोण माझं बूच मारतो. माझा हात अजून शाबूत आहे हे त्या शेंबड्या पोरांना दाखवायचं होतं, दुसरं काय! कुणालाच जमेना. दानिलो उभा राहिला आणि एकामागून एक तीन मारली. तिसरं माझ्या डोक्यावरून गेलं. पोरं खदाखदा हसली, ओट्यावरचे डॉमिनोवालेही हसले. रामिरो, मला राग आला. नऊ वर्षांच्या पोराचा राग आला रे! चौथं बूच मी जीव खाऊन टाकलं, मुद्दाम त्याच्या तोंडाजवळून, घाबरून मागे सरावा म्हणून. सगळ्यांनी हसावं म्हणून.

तो सरला नाही. तो कधीच सरत नाही.

बुचाची कड डोळ्यात गेली. पोरं पळाली. मी त्याला उचलून कारखान्याच्या दवाखान्यात नेलं आणि वाटेत त्याच्या कानात काय सांगितलं ऐक. म्हटलं, आईला सांगायचं, उसाचं पातं लागलं. रक्त गळत होतं आणि तो मान हलवत होता. एर्सिलियाला त्यानं तेच सांगितलं. ज्यांनी बघितलं ते दारूच्या घोटाबरोबर विसरले, नाहीतर विसरल्याचं सोंग केलं.

त्यानंतर मी त्याला रोज मैदानावर आणलं. लोक म्हणायचे, फेर्मिनचा किती जीव आहे पोरावर. मीही मान डोलवायचो. खरं तर त्याला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची मला भीती वाटायची. मक्याचे दाणे टाकून टाकून दोन वर्षं शोधलं की कसं उभं राहिलं म्हणजे उजव्या डोळ्याला चेंडू दिसतो. पुढचा पाय बाहेर, छाती उघडी, मान वळवून. ते खूळ नव्हतं. पाय आत घेतला की उजव्या डोळ्यापुढे नाक येतं आणि आतल्या बाजूचा चेंडू त्याला दिसतच नाही. तो हलला नाही म्हणतोस? त्याला दिसलाच नव्हता तो चेंडू.

डोळ्यांचा तक्ताही मीच पाठ करून घेतला. आधी तपासणीला जाऊन नापास होऊन आलेल्या एका पोराकडून अक्षरं उतरवून घेतली होती. तुम्ही सगळे हसलात ना? मी इथे ते वाचताना हसलो नाही.

तुला हे जूनमध्येच लिहायला हवं होतं. तुला कळलं असतं तर तुला क्लबला सांगावं लागलं असतं, आणि तू मला काय म्हटलं असतंस ते मला ऐकायचं नव्हतं. माझ्या हातानं वाढवलेल्या धाकट्या भावासमोर तोंड दाखवायला जागा उरली नसती. एवढ्यासाठी मी पोराला चेंडूपुढे उभं केलं. तुझ्यावर राग नाही माझा. हेवा मात्र होता, ते तू बरोबर ओळखलंस. पण पाय उघड म्हणालो ते हेव्यानं नव्हे.

आता तुला योग्य वाटेल ते कर.

फेर्मिन


मिलर्स गॅप
३ सप्टेंबर १९८७

दादा,

तुझं पत्र २९ ऑगस्टला सकाळी आलं. यादीची बैठक त्याच दिवशी दहा वाजता होती. गाडीत बसून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग खिशात घातलं आणि आत गेलो.

आता मी काय केलं ते ऐक. तू तुझं लिहिलंस, मी माझं लिहितो.

दानिलो पुन्हा खेळायला लागला तेव्हा आतल्या बाजूला चेंडू आला की अंग चोरायचा. न चोरून काय करेल! कुठून येतोय ते दिसत नाही, आणि लागतो कसा ते आता कळलेलं. मी ओरडायचो. शिस्तीची गोष्ट ज्यांना सांगितली होती तीच पोरं त्याला चिडवायला लागली. २५ तारखेला मी त्याचा अहवाल लिहून दिला. प्रत्येक पोराच्या अहवालात शेवटी एका ओळीत कोचचं मत लागतं. मी लिहिलं, "चेंडूला घाबरतो."

बैठकीत सहा जण होतो. दानिलोचं नाव आलं. टटल साहेबांनी माझी ओळ मोठ्यानं वाचली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "याच्यावर तुम्ही पुष्कळ मेहनत घेतलीत, रामिरो. घाबरटाला कोण काय शिकवणार?" तुझं पत्र माझ्या खिशात होतं. कागदाची घडी बोटांना लागत होती. तोंड उघडलं असतं तर सांगावं लागलं असतं की दहापैकी चार फटके मारणारा पोरगा मी हातानं बिघडवला, तुमच्या एका हशासाठी. त्याच्या डोळ्याचं काय, एवढं साधं मी त्याला विचारलं नाही. "जरासा पाय उघडला तर चालेल?" असं तो म्हणाला, तेव्हा "का रे?" एवढं विचारायला काय जात होतं माझं?

मी म्हणालो, "खरंय साहेब."

त्यांनी नावावर काट मारली. मिनिटभरही लागलं नाही. मग पुढचं नाव घेतलं.

३१ तारखेला त्याला विमानतळावर सोडलं. गालावर अजून पिवळा डाग होता. तोच दोरीचा खोका. वाटेत म्हणाला, "कोच, तुम्ही काय लिहिलंत माझ्याबद्दल?" मी म्हटलं, चांगलं लिहिलंय. तो म्हणाला, "मग नाव का गेलं?" मी म्हटलं, जागा कमी होत्या. तो खूश झाला रे. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "डॉन फेर्मिनना सांगतो, तुम्ही फार केलंत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुझ्यावर रागवायचा अधिकार मला नाही. तू निदान सांगितलंस.

रामिरो


बातेय पालोमा
२० सप्टेंबर १९८७

रामिरो,

दानिलो आला त्या दिवशी मी घराचं दार लावून आत बसलो. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तुझं पत्र यायच्या आधीच गावात बातमी आली. क्लबचा इथला माणूस डॉमिनो खेळता खेळता बोलून गेला, फेर्मिनचा पोरगा घाबरट निघाला. मग काय! पोरं त्याच्या डाव्या अंगाला जाऊन बुचं फेकतात, तो दचकला की टाळ्या पिटतात. दचकतोच, कारण दिसत नाही. त्याला वाटतं तू चांगलं लिहिलंस आणि दुसऱ्या कुणीतरी वाईट लिहिलं. "कोचनी तसं लिहिलंच नसणार," असं भांडून सांगतो पोरांना.

रविवारी उठलो, दाढी केली आणि एर्सिलियाकडे गेलो. ती दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बूच, रम, उसाचं पातं, तक्ता, सगळं. मान वर करवेना. तिच्या हातातलं भांडं तेवढं दिसत होतं. शेंगा सोलणं थांबलं नाही.

मग म्हणाली, "बसा डॉन फेर्मिन. फार वर्षं लावलीत यायला."

मी म्हटलं, तुला माहीत होतं?

म्हणाली, "जन्मभर ऊस तोडलाय मी. पातं कसं कापतं ते मला सांगता? त्याच संध्याकाळी पोराला बोलतं केलं. कोयता घेऊन निघाले होते तुमच्याकडे. त्यानं झगा धरला. एका डोळ्यावर पट्टी, आणि रडत म्हणतो, आई, नको जाऊ. तुला कळलंय हे त्यांना कळलं तर त्यांना लाज वाटेल. लाज वाटली की ते मला खेळायला बोलावणार नाहीत."

म्हणून गेली नाही. आणि नऊ वर्षं ही बाई रोज सकाळी मैदानावरून जाताना मला हसून "कसे आहात डॉन फेर्मिन" म्हणत होती. मला वाटायचं, झाकली मूठ आहे माझी. ती मूठ त्या दोघांनी झाकून धरली होती, रामिरो. मला लाज वाटू नये म्हणून.

मी तिच्या अंगणात बसून रडलो. तिनं कॉफी केली. कॉफी देताना एवढंच म्हणाली, "आता पोरांसमोर पण सांगा."

सांगितलं. मैदानावर सगळ्यांना बोलावून सांगितलं. दोन बाप आपली पोरं हाताला धरून घेऊन गेले, परत आणलेली नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. पण दानिलोचं नाव काही धुऊन निघालं नाही. लोक म्हणतात, म्हातारा पोराला पाठीशी घालतोय, स्वतःच्या अंगावर घेतोय. कारखान्याच्या संघाचा कप्तान मला म्हणाला, एका डोळ्याचा असला आणि मारत असला तर मी घेईन, घाबरणारा नको. क्लबच्या कागदावर काय लिहिलंय ते दाखवा.

कारखान्याच्या संघात खेळला तर कारखान्यात कामही मिळेल. नाहीतर आईसारखा कोयता हातात घेईल, तेही एका डोळ्यानं.

तो शब्द माझ्या हातून पुसला जात नाही. तू लिहिलास. तूच खोड.

फेर्मिन


मिलर्स गॅप
४ ऑक्टोबर १९८७

दादा,

आशीर्वाद अजून मागत नाही.

परवा क्लबच्या मुख्य कचेरीत गेलो. सहा तासांचा रस्ता. टटल साहेबही तिथेच होते. तुझं पत्र वाचून दाखवलं, मग माझं सांगितलं. फोटो भिंतीवर लावला होता, खाली माझं नाव. मी म्हटलं, तो उतरवा. टटल साहेब म्हणाले, "आता हे बोलून काय उपयोग?" मी म्हटलं, साहेब, उपयोग म्हणून नाही बोलत.

अहवाल बदलत नाहीत म्हणाले. मी खुर्ची सोडली नाही. शेवटी कचेरीतल्या कारकून बाईंनी कपाटातून तो कागद काढला आणि खाली लिहायला परवानगी दिली. पुढच्या वर्षी मला बोलावणार नाहीत, हे त्यांनी तिथेच सांगितलं. पंचवीस तारखेच्या विमानानं घरी येतोय.

कागदाची शिक्क्याची नक्कल सोबत आहे. कप्तानाला दाखव. पण त्याआधी मैदानावर सगळ्यांसमोर, दानिलोसमोर, मोठ्यानं वाच. मी काय लिहिलंय ते इथेही उतरवतो, म्हणजे नक्कल वाटेत हरवली तरी राहील:

"वरची ओळ खोटी आहे. दानिलो घाबरत नाही. त्याला डाव्या डोळ्यानं दिसत नाही आणि त्याला दिसेल असा त्याचा पवित्रा होता. तो मी मोडला. त्यानं पाय उघडू का म्हणून विचारलं होतं, मी नको म्हणालो. दिसत नसलेल्या चेंडूसमोर तो माझ्या सांगण्यावरून उभा राहिला आणि हलला नाही. ही ओळ मीच लिहिली होती, दुसऱ्या कुणी नाही. रामिरो, कोच."

शेवटचं वाक्य वाचताना थांबू नकोस. कोचनी तसं लिहिलंच नसणार, असं तो अजून सांगत असेल. त्याचं तोंड पडेल. पडू दे. ते बघायला मी तिथे असायला हवा होतो. मी तोवर पोचत नाही, म्हणून त्याचीही शिक्षा तुलाच.

आणि वाचताना त्याच्या उजव्या बाजूला उभा राहा, म्हणजे त्याला तू दिसशील.

रामिरो